व्हायरल एन्सेफलायटिस: व्हायरसमुळे मेंदूला येणारी सूज

व्हायरल एन्सेफलायटिस म्हणजे व्हायरसच्या इन्फेक्शनमुळे खुद्द मेंदूलाच आलेली सूज. नुसत्या बाहेरच्या आवरणांना सूज आली तर तो मेनिंजायटिस, त्यात ताप येतो, डोकं ठणकतं, मान आखडते पण माणूस सहसा शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. एन्सेफलायटिसमध्ये माणूसच बदलतो, म्हणजे असंबद्ध बडबड, घरच्यांना न ओळखणं, फिट येणं, हाक मारली तरी न उठणं. कधी दोन्ही एकदम असतं. आणि यातलं सगळं नुकसान व्हायरसच करतो असं अजिबात नाही, बराच भाग आपल्याच इम्युनिटीच्या नावावर जातो, कुठल्या आजारात कोणाचा वाटा किती यावरच पुढचे उपचार ठरतात.

मेंदूत शिरणं तसं सोपं नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातलं वाटेल ते आत झिरपू शकत नाही, यालाच ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. त्यामुळे बहुतेक वेळा इन्फेक्शन मेंदूपर्यंत पोचतच नाही, वेस्ट नाईल व्हायरसचं इन्फेक्शन झालेल्या साधारण १५० जणांत एकालाच मेंदूचा किंवा मज्जासंस्थेचा गंभीर आजार होतो. पण वाटा आहेत. वेस्ट नाईल आणि जपानी एन्सेफलायटिस हे डासांचे व्हायरस आधी रक्तात वाढतात आणि तिथून आत जातात. एचआयव्ही पांढऱ्या पेशींच्या पोटात लपून त्यांच्याबरोबर आत येतो. रेबीज रक्ताच्या भानगडीत पडतच नाही, चावलेल्या जागेजवळच्या नसेत शिरतो आणि नसेनसेतून वर सरकत मेंदू गाठतो, त्यामुळे लक्षणं दिसायला बहुतेकदा १ ते ३ महिने लागतात आणि म्हणूनच चावल्यानंतर लगेच घेतलेली लसही कामाला येते. हर्पीस सिम्प्लेक्स तर ओठावर फोड येऊन गेल्यावर चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या गाठीत वर्षानुवर्षं पडून असतो.

आत शिरल्यावर पहिली चाहूल लागते ती मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्याच पेशींना. व्हायरसचं जेनेटिक मटेरियल ओळखणारे सेन्सर त्यांच्यात असतात, न्यूरॉनमध्येही (निरोप नेणाऱ्या मेंदूच्या मुख्य पेशींमध्येही) असतात, ते चाळवले की इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन सुटतं आणि ते आजूबाजूच्या पेशींना व्हायरसच्या कॉपी काढू देत नाही. यातला टीएलआर३ नावाचा सेन्सर किती मोलाचा आहे ते २००७ मध्ये कळलं, काही मुलांमध्ये त्याच्या जीनमध्येच दोष निघाला, ही मुलं बाकी इन्फेक्शन व्यवस्थित झेलत होती, पण हर्पीस मेंदूत गेला की तो आवरत नव्हता.

इथपर्यंत सगळं फायद्याचंच आहे. पण इंटरफेरॉनबरोबर टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे सायटोकाइनही, म्हणजे सूज वाढवणारे निरोपाचे प्रोटीन, सुटतात, रक्तवाहिन्यांची आतली बाजू चिकट होते, टी सेल, म्हणजे इन्फेक्टेड पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथे अडकून आत घुसतात, त्यात एमएमपी-९ सारखी एन्झाइम ते घट्ट जोड कुरतडतात आणि बॅरियर गळायला लागतो. पाणी आणि प्रोटीन आत झिरपतं, मेंदू फुगतो, कवटी मात्र फुगत नाही, मग आतलं प्रेशर वाढतं, रक्तपुरवठा कमी पडतो आणि फारच वाढलं तर मेंदू खाली सरकून ब्रेनस्टेमवर, म्हणजे श्वास चालवणाऱ्या भागावरच दाब येतो. शिवाय अ‍ॅस्ट्रोसाइट बिघडले की पेशींबाहेरचं ग्लुटामेट (न्यूरॉनना उत्तेजित करणारं केमिकल) उचललं जात नाही, ते साचून न्यूरॉन सारखे उत्तेजित होत राहतात, त्यांच्यात कॅल्शियम भरतं आणि ते मरतात. फिट येण्यामागे हेही एक कारण असतं, आणि फिट थांबल्या नाहीत तर त्या स्वतःच आणखी न्यूरॉन मारतात.

इम्युनिटीच्या वाट्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा उंदरांमधला आहे. १९३३ मध्ये सापडलेला एलसीएमव्ही नावाचा व्हायरस पूर्ण वाढलेल्या उंदराच्या मेंदूत सोडला तर उंदीर साधारण आठवड्याभरात मरतो, पण त्याची इम्युनिटी आधीच दाबून ठेवली तर व्हायरस अंगात भरपूर असूनही तो जगतो. म्हणजे मारतात ते टी सेल! (याच व्हायरसवर काम करून टी सेल इन्फेक्टेड पेशी ओळखतात कशा ते डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी शोधलं, त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं.)

मग इम्युनिटी दाबून टाकली की झालं? नाही ना. रेबीजमध्ये मेंदूत सूज बऱ्याचदा किरकोळ असते, मायक्रोस्कोपखाली न्यूरॉनही फारसे मेलेले दिसत नाहीत आणि तरी लक्षणं सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की घातक रेबीज बॅरियर बंदच राहू देतो, त्यामुळे इम्युनिटी आत येतच नाही, आणि ज्या सौम्य स्ट्रेनमध्ये बॅरियर उघडतो तिथे प्राणी वाचू शकतात. जेसी व्हायरसचंही तसंच, तो बहुतेकांच्या अंगात गप पडून असतो, पण एड्समध्ये किंवा टी सेलना मेंदूत जाऊ न देणाऱ्या नॅटालिझुमॅबसारख्या औषधावर असताना तो नसांवरचं मायलिन नावाचं आवरण बनवणाऱ्या पेशी खाऊन टाकतो, याला पीएमएल म्हणतात. त्यात आणखी पेच असा की औषध बंद करून इम्युनिटी परत आली की ती एकदम तुटून पडते आणि पेशंट आधी आणखी बिघडू शकतो.

हर्पीसमध्ये दोन्ही गोष्टी एकदम चालतात. व्हायरस स्वतः न्यूरॉन फोडतो, सूजही जबरदस्त असते आणि हे सगळं मुख्यतः कानाजवळच्या टेम्पोरल लोबमध्ये, त्यामुळे मेमरी, भाषा आणि स्वभाव यांच्यावरच घाव बसतो. उपचार नसतील तर १०० पैकी साधारण ७० जण दगावतात, १९८० च्या दशकात असायक्लोव्हिर हे हर्पीसवरचं औषध आल्यावर हा आकडा २० च्या आसपास आला. जपानी एन्सेफलायटिस थॅलॅमस आणि बेसल गँग्लियावर, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या आतल्या भागांवर जातो, म्हणून त्यात अंग ताठरणं, थरथर आणि चेहरा निर्विकार होणं दिसतं.

कधी कधी तर मेंदूत व्हायरस नसतोच. काही मुलांमध्ये इन्फ्लुएंझानंतर सायटोकाइनच्या लाटेमुळे दोन्ही बाजूंचे थॅलॅमस एकदम खराब होतात. एडीईएम नावाच्या आजारात इन्फेक्शन होऊन गेल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी इम्युनिटी चुकून मायलिनवरच हल्ला करते. हर्पीस एन्सेफलायटिसमधून बरे होत असलेल्या साधारण पाव पेशंटमध्ये एनएमडीए रिसेप्टर (न्यूरॉनवरचं ग्लुटामेट पकडणारं प्रोटीन) किंवा न्यूरॉनवरच्या दुसऱ्या कशाविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि माणूस पुन्हा बिघडतो, विशेषतः लहान मुलांमध्ये हातापायांच्या विचित्र हालचाली सुरू होतात. हर्पीस परत आला असंच वाटतं, पण पीसीआर (व्हायरसचं जेनेटिक मटेरियल शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह येते आणि उपचार इम्युनिटी शांत करण्याचे लागतात.

तपासणीत मणक्यातून पाणी काढून त्यात पांढऱ्या पेशी, प्रोटीन, साखर आणि व्हायरसची पीसीआर बघतात. साखर नॉर्मल आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले हे व्हायरसचं नेहमीचं चित्र, पण पहिल्या २-३ दिवसांत हर्पीसची पीसीआर खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय दाट असेल तर ती परत करतात. एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) त्याबरोबरच. रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत, असायक्लोव्हिर शिरेतून लगेच सुरू करतात आणि हर्पीस नक्की झाला तर १४ ते २१ दिवस देतात. बाकी बहुतेक व्हायरसवर नेमकं औषध नाही, मग फिट आवरणं, प्रेशर कमी ठेवणं, श्वास सांभाळणं एवढंच हातात असतं. एडीईएममध्ये मात्र स्टेरॉइड हाच पहिला उपचार.

व्हायरस गेला तरी गोष्ट संपतेच असं नाही. वेस्ट नाईलमधून वाचलेल्या अनेकांना नंतर विसरभोळेपणाचा त्रास राहतो, २०१६ मध्ये उंदरांत दिसलं की इन्फेक्शननंतर मायक्रोग्लिया इम्युनिटीच्या कॉम्प्लिमेंट प्रोटीनच्या मदतीने हिप्पोकॅम्पस या मेमरीच्या भागातले सिनॅप्स गिळतात, न्यूरॉन जिवंत पण त्यांचे जोड गेलेले. फिट, बोलण्यात अडखळणं, चिडचिड, एकाग्रता न होणं हेही मागे राहतं, आणि बाहेरून माणूस ठणठणीत दिसत असल्यामुळे घरच्यांना ते समजायला वेळ लागतो. गोवरचा व्हायरस क्वचित मेंदूत दबून राहतो आणि बहुतेकदा ६ ते १० वर्षांनी एसएसपीई नावाचा आजार म्हणून वर येतो, आधी शाळेत मागे पडणं, मग अंगाला झटके, मग हळूहळू सगळंच बंद. तो बरा करणारा उपचार नाही, गोवरची लस घेतली असेल तर तो टळतो.