शेतकरी समूह (जैवविविधता संवर्धन)

शेतकरी समूह : एकमेकांना लागून असलेली शेते कसणाऱ्यांनी परिसरातील पक्षी, कीटक, रानवनस्पती, माती आणि पाणी टिकावे म्हणून बांधलेला गट, आणि तो गट मिळून करतो ती कामे. इंग्लंडमध्ये अशा गटाला ‘फार्मर क्लस्टर’ म्हणतात, नेदरलँड्समध्ये ‘कलेक्टिव्ह’, तर ऑस्ट्रेलियात ‘लँडकेअर ग्रुप’. उत्पादन किंवा विक्रीसाठी केलेल्या गटशेतीशी याची गल्लत होऊ नये. येथे जमीन, पीक आणि नफा-तोटा ज्याचा त्याचाच राहतो, सामाईक असतो तो नकाशा. कोणाच्या बांधावर झुडपे वाढवायची, कोणाच्या उताराच्या रानात पाणी थांबू द्यायचे, कोणी गवत उशिरा कापायचे, हे त्या नकाशासमोर बसून ठरते.

याची गरज साध्या कारणाने पडते. सातबारा कोणाच्या नावावर आहे हे पाखरांना ठाऊक नसते. लहान जातीच्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या घरट्यापासून जेमतेम काहीशे मीटर फिरतात, तर शिकारी पक्ष्यांचे क्षेत्र अनेक शेतांवर पसरलेले असते. एकाने फुलांचा पट्टा पेरला आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांनी बांधापर्यंत नांगरले, तर तो पट्टा बेटासारखा एकटा पडतो. युरोपात 1980 च्या दशकापासून निसर्गपूरक शेतीसाठी शेतकऱ्यांना वैयक्तिक अनुदाने मिळू लागली, पण 2001 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने नेदरलँड्समधील अशा करारांचा वनस्पती व पक्ष्यांच्या विविधतेला फायदा झाल्याचे दिसत नसल्याचे दाखवले. त्या निष्कर्षावर बराच वाद झाला. मात्र विखुरलेल्या तुकड्यांवर पैसे खर्च करून भागत नाही, ही जाणीव त्यानंतर पक्की होत गेली.

तुकड्यांचे गणित करड्या तितराच्या (ग्रे पार्ट्रिज) उदाहरणावरून चांगले कळते. 1968 मध्ये तितरांचे अभ्यासक डिक पॉट्स यांनी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात धान्यशेतातील तणे, कीटक आणि तितर यांची दरवर्षी मोजदाद सुरू केली. तितराचे पिल्लू अंड्यातून बाहेर येताच चालते, पण पहिले दोन आठवडे ते जवळजवळ पूर्णपणे कीटकांवर जगते. तणनाशकाने तण मेले की त्यावरचे कीटक जातात आणि पिल्ले उपाशी मरतात. तितरावर थेट विष पडण्याची गरजच उरत नाही. ब्रिटनमध्ये गेल्या अर्धशतकात या पक्ष्याची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. त्यावर निघालेले उपाय अगदी शेतकरी पद्धतीचे होते. पिकाच्या कडेचा साधारण सहा मीटरचा पट्टा फवारणीविना ठेवायचा, आणि मोठ्या शेताच्या मधोमध सुमारे 40 सेंटिमीटर उंचीचा मातीचा वरंबा घालून त्यावर दाट बुंध्याचे गवत लावायचे. या वरंब्याला ‘बीटल बँक’ म्हणतात. मावा खाणारे भुंगेरे आणि कोळी हिवाळाभर गवताच्या बुंध्यात दडून राहतात आणि वसंतात पिकात उतरतात. वरंबा नसेल तर त्यांना शेताच्या कडेपासून चालत यावे लागते, आणि मधल्या पिकापर्यंत ते पोहोचेतो मावा वाढून बसलेला असतो. वरंब्याची दोन्ही टोके बांधाला न जोडता मोकळी ठेवतात, म्हणजे यंत्राला वळायला जागा राहते. शेतकऱ्याशी बोलून ठरवलेला उपाय असा ओळखू येतो.

हे संशोधन आज गेम अँड वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या परंपरेतले आहे. या संस्थेचे मूळ शिकारीच्या पक्ष्यांच्या जोपासनेत असल्यामुळे काही निसर्गप्रेमी तिच्याकडे संशयाने पाहतात. शेतकरी मात्र तिला आपली मानतात, आणि समूहांची कल्पना शेतावर रुजण्यात या आपलेपणाचा वाटा मोठा आहे. जॉन लॉटन यांच्या समितीने सरकारला दिलेल्या 2010 च्या अहवालाने इंग्लंडमधील निसर्गक्षेत्रे अधिक, मोठी, चांगली आणि जोडलेली हवीत असे सुचवले. त्यानंतर 2012 मध्ये सरकारने बारा ‘नेचर इम्प्रूव्हमेंट एरिया’ (निसर्ग सुधारण्यासाठीची क्षेत्रे) निवडल्या. त्यांपैकी मार्लबरो डाउन्स हे शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेले क्षेत्र होते. त्या धड्यातून ट्रस्ट आणि नॅचरल इंग्लंड ही निसर्गविषयक सरकारी संस्था यांनी समूहांचा आराखडा उभा केला. 2015 मध्ये समूहाची कामे जुळवून आणणाऱ्या समन्वयकाचा खर्च देणारा निधी सुरू झाला, आणि त्यासाठी किमान चार लगतची शेते व दोन हजार हेक्टर क्षेत्र अशी अट होती.

समन्वयक हा या व्यवस्थेचा कणा आहे, आणि सगळ्यात कमी लिहिले जाते तेही त्याच्याबद्दलच. तो शेतकऱ्यांनी निवडलेला असावा लागतो. वरून नेमलेला माणूस बैठकीत बसला की लोक मोजकेच बोलतात. त्याचे निम्मे काम अर्ज भरण्याचे आणि मोजणीचे असते, उरलेले निम्मे मने राखण्याचे. दोन शेजाऱ्यांत बांधावरून जुनी तेढ असते, एखादा सगळ्यांच्या आधी पुढे सरसावतो आणि बाकीचे मागे राहतात. अनुभवी समन्वयक म्हणूनच पहिल्याच वर्षी अवघड उद्दिष्ट हाती घेत नाही. आधी हिवाळ्यात दाणे टाकून पक्षी मोजायचे किंवा घुबडांसाठी पेट्या लावायच्या, म्हणजे केलेले डोळ्यांना दिसते. शेतकरी स्वतः पक्षी मोजू लागला की त्याची भाषा बदलते : ‘तुमचा तो पक्षी’ म्हणणारा ‘आमच्या रानात यंदा इतके आले’ असे सांगू लागतो.

नेदरलँड्सने ही कल्पना सर्वांत पुढे नेली. तिथे 1992 मध्ये फ्रिसलँड प्रांतात शेतकऱ्यांनी पहिल्या पर्यावरण सहकारी संस्था स्थापल्या. 2016 पासून निसर्गपूरक शेतीचे अनुदान एकट्या शेतकऱ्याला मिळतच नाही. सरकार चाळीस कलेक्टिव्हशी करार करते आणि ते पुढे आपल्या सभासदांशी. या रचनेला तिथे ‘पुढचे दार, मागचे दार’ म्हणतात. पुढच्या दाराने सरकारला परिसरासाठी ठरलेली कामे दाखवायची, मागच्या दाराने कोणी काय करायचे ते आपसात ठरवायचे. एखाद्याचे गवत यंदा लवकर कापणे भाग असेल, तर त्याच्या वाटणीचे काम दुसऱ्या शेतावर हलवता येते, प्रत्येक बदलासाठी सरकारी कचेरी गाठावी लागत नाही.

तिथला कळीचा पक्षी म्हणजे काळ्या शेपटीचा मालगुजा (ब्लॅक-टेल्ड गॉडविट). तो कुरणात जमिनीवर घरटे करतो, आणि दूधधंद्याच्या कुरणात यंत्राने लवकर व वारंवार होणारी कापणी त्याच्या मुळावर येते. घरट्याभोवती खुणेच्या काठ्या लावून कापणी टाळली तरी पुरत नाही, कारण पिल्ले बाहेर पडताच चालत उंच, विरळ, फुलांच्या गवताकडे जातात. ते गवत शेजाऱ्याच्या रानात शिल्लक असले तर वाचतात. म्हणून काही भाग उशिरा कापायचा, काही पाण्याखाली ठेवायचा, काहीत गुरे सोडायची, असा चौकड्यांचा पट आखतात. कोणत्याही एका शेतकऱ्याच्या जमिनीत हा पट बसत नाही. इतके करूनही मालगुजाची एकूण संख्या घटतच राहिली आहे. समूह बनला म्हणजे पक्षी परतले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. भूजलाची पातळी आणि कुरणाची तीव्र मशागत हे निर्णय बहुधा समूहाच्या हाताबाहेरचे असतात.

पैशांच्या बाजूने अर्थशास्त्रज्ञांनी ‘ॲग्लोमरेशन बोनस’ सुचवला आहे : शेजाऱ्याचा तुकडाही संवर्धनात असेल तर दोघांनाही वाढीव रक्कम. स्वित्झर्लंडने 2001 पासून जोडलेल्या निसर्गतुकड्यांसाठी जादा मोबदला देण्याची पद्धत आणली. अडचण अशी की अटी कडक केल्या तर समूह केवळ पैशापुरता उभा राहतो, आणि सैल केल्या तर कोणीतरी दुसऱ्याच्या कष्टावर स्वार होतो. सामाईक संसाधनांवर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी केलेला अभ्यास, ज्याला 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, येथे वारंवार आठवला जातो. नियम वापरणाऱ्यांनीच बनवावेत, देखरेख आपसात असावी, शिक्षा टप्प्याटप्प्याने वाढावी, ही त्यांची निरीक्षणे डच कलेक्टिव्हच्या कारभाराशी बरीच जुळतात.

ऑस्ट्रेलियातील लँडकेअर वेगळ्या मातीतून उगवले. व्हिक्टोरिया राज्यात 1986 मध्ये पहिला गट स्थापन झाला, तोही जमिनीची धूप व क्षार यांच्या चिंतेतून. झाडे आणि पाखरे त्याच्या यादीत पुढे आली.

परिणाम सगळीकडे सारखे दिसत नाहीत. परिसर आधीच झुडपे-ओढ्यांनी भरलेला असेल तर नव्या पट्ट्याने फारसे वाढत नाही, आणि सगळे उजाड असेल तर पट्ट्याकडे यायला कोणी उरलेलेच नसते. सर्वाधिक फरक मधल्या परिसरांत पडतो. त्यामुळे समूहाचे पहिले काम पेरणीचे नसून मोजणीचे ठरते : काय उरले आहे आणि ते कुठे. मोजणी कामाच्या आधीच्या वर्षी झाली नसेल, तर पुढच्या वर्षी वाढलेले भुंगेरे वरंब्यामुळे वाढले की पाऊसमानामुळे, हे सांगता येत नाही. त्यातच अनुदानाचे करार काही वर्षांचेच असतात, आणि लावलेले झुडपी कुंपण दाट होऊन पक्ष्यांना आसरा देऊ लागते तोवर ते संपत आलेले असतात.