जात्यावरच्या ओवीतील देव

जात्यावर दळताना बायकांनी म्हटलेल्या ओव्यांमध्ये देव पावलोपावली भेटतात, आणि बहुतेकदा ते नातलग होऊन येतात. विठ्ठल कधी बाप, कधी भाऊ. रखुमाई कधी आई, कधी भावजय. पंढरपूर हे माहेर. पूर्वी लग्न होऊन आलेल्या मुलीला माहेरी जायला सणावाराची आणि भावाची वाट पाहावी लागे. पंढरीला मात्र वारीच्या निमित्ताने जाता येई. त्यामुळे ‘माझं माहेर पंढरी’ हे कीर्तनात ऐकताना रूपक वाटले, तरी जात्यापाशी त्यात बरीचशी सरळ हकीकत असते.

ही गाणी फार जुनी आहेत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या (१२९०) कितीतरी आधी ओवी जात्याउखळाशी नांदत होती. ग्रंथातील ओवी चार चरणांची. जात्यावरची बहुधा दोन लांब ओळींची. मध्ये ‘गं बाई’, ‘सांगते बाई तुला’ असे शब्द घालून ती पाळूच्या, म्हणजे वरच्या दगडाच्या, फेऱ्याशी जुळवून घेतात. दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचे हात असतात. एकीने ओळ सुरू करायची, दुसरीने ती उचलायची, तेवढ्यात मोकळ्या हाताने जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे मूठभर दाणे, टाकायचे. वेळ पहाटेची. घरघरीमुळे शब्द माजघरापर्यंत धड पोचत नाहीत, समोरच्या बाईला मात्र पोचतात. एरवी जे बोलता येत नाही ते इथे देवाचे नाव घेऊन बोलता येते.

पहिली गोष्ट म्हणजे जातेच देव. एक बहुश्रुत ओवी अशी :

जात्या तू ईश्वरा, नको मला जड जाऊ
बयाच्या दुधाचा सया बघत्यात अनुभऊ

(पाठ गावागणिक बदलतो.) बया म्हणजे आई. विनवणी ईश्वराला आहे, पण धास्ती सयांची आहे. दळताना दम लागला तर नाव जाईल ते आईच्या दुधाचे. दुसऱ्या ओळीत देव मागे राहतो आणि सासरी जोखली जाणारी लेक पुढे येते.

संत जनाबाईमुळे या गाण्याला हक्काचा आधार मिळाला. ‘दळिता कांडिता । तुज गाईन अनंता’ म्हणणाऱ्या जनीला विठ्ठल दळू लागला, ही कथा घरोघर माहीत असते; पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनीचे म्हणून जाते दाखवतात. पुरुषांच्या कीर्तनात ही कथा भक्तीचा महिमा म्हणून येते. ओव्यांमध्ये तिला आणखी एक फाटा फुटतो. विठ्ठल जनीकडे जातो म्हणून रुक्मिणी रुसते, ही जनी तुमची कोण असे विचारते, आणि देवाला सारवासारव करावी लागते. गाणारी कधी जनीच्या बाजूने असते, कधी रुक्मिणीच्या. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावर असे उघड बोलायला दुसरी जागा कुठे होती?

सीतेच्या ओव्या याहून तिखट आहेत. तिचा वनवास हा सासुरवासाचा मानदंड ठरतो, आणि रामाचे माप सरळ काढले जाते :

राम म्हणू राम, नाही सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

रामाचे नाव घेऊन सुरू झालेली ओळ रामावरच उलटते, आणि गाणारी रामभक्तच असते. याला बंडखोरी म्हणण्याचा मोह अभ्यासकांना होतो. पण घरातल्या मोठ्या माणसाचे चुकले हे जितक्या आपलेपणाने सांगतात, तितक्याच आपलेपणाने ती हे म्हणते. तारा भवाळकर यांनी लोकपरंपरेतील या सीतेवर विस्ताराने लिहिले आहे.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध वस्त्यांमधील ओव्यांत बुद्ध आणि बाबासाहेब आले. देव बदलला, चाल तीच राहिली आणि नातेही जोडले गेले : भीमराव कुठे बाप, कुठे भाऊ.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या नोंदवल्या गेल्या. संग्रहात ओव्या विषयवार लावाव्या लागतात, आणि इथेच पंचाईत होते. ‘विठ्ठल माझा भाऊ’ ही ओवी देवांच्या भागात घालायची की भावाच्या?

पिठाची गिरणी आल्यावर रोजचे दळण थांबले. आता जाते निघते ते मुख्यतः लग्नाच्या हळदीला. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधतात, पाच सवाशिणी हात लावतात, पहिली ओवी गणपतीला, मग कुलदैवताला. त्यापुढच्या ओव्या येणारी एखादीच म्हातारी असते. बाकीच्या शेवटचा शब्द ओढून धरतात.