स्टॅटिक लायब्ररी आणि क्रमाचा जुना नियम: पार्श्वभूमी

सी भाषेत प्रोग्राम लिंक करताना, म्हणजे त्याचे भाग जोडून एक चालणारा प्रोग्राम बनवताना, स्टॅटिक लायब्ररीचे (ऑब्जेक्ट फाइलींच्या तयार संग्रहाचे) नाव ती वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलच्या (कंपाइल केलेल्या कोडच्या फाइलच्या) आधी लिहिले, तर हवे ते फंक्शन त्या लायब्ररीत असूनही लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची (वापरलेल्या नावाची व्याख्या न सापडल्याची) तक्रार करून थांबतो. नव्याने शिकणाऱ्याला लायब्ररी नंतरच लिहिण्याचा हा नियम मनमानी वाटतो. पण त्यामागे ठोस कारण आहे आणि ते शिकवताना सांगितलेच पाहिजे, असे मला वाटते.

तयार सबरुटीन (ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे) साठवून पुन्हा वापरण्याची पद्धत सीपेक्षा बरीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात 1949 साली सुरू झालेल्या एडसॅक संगणकासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी कागदी पट्ट्यांवर अशा सबरुटीनचा संग्रह उभा केला होता. हवी ती पट्टी काढून तिची नक्कल प्रोग्रामच्या पट्टीवर उतरवली जाई. स्टॅटिक लिंकिंगचे तत्त्व आजही हेच आहे.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये लायब्ररी बनवणारी ‘एआर’ आणि लिंक करणारी ‘एलडी’ या दोन्ही आज्ञा आढळतात. त्या काळच्या पीडीपी-11 यंत्रावर मेमरी अत्यंत तुटपुंजी असल्यामुळे लिंकर लायब्ररी एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत असे आणि त्या क्षणी ज्यांची व्याख्या मिळालेली नाही अशा सिम्बॉलपुरत्याच (फंक्शन वगैरेंच्या नावांपुरत्याच) ऑब्जेक्ट फाइल उचलत असे. साहजिकच, दुसऱ्याला बोलावणारी फाइल लायब्ररीत आधी ठेवावी लागे. हा क्रम हाताने लावणे जिकिरीचे होते, म्हणून ‘एलऑर्डर’ ही आज्ञा कोण कोणावर अवलंबून आहे याच्या जोड्या काढी आणि ‘टीसॉर्ट’ त्यांची ओळीत मांडणी करी.

1979 च्या सातव्या आवृत्तीत ‘रॅनलिब’ आले. ते लायब्ररीच्या सुरुवातीलाच सिम्बॉलची सूची घालू लागले आणि आतल्या फाइलींच्या क्रमाची काळजी मिटली. आज जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची ‘एआर’ ही सूची स्वतःच तयार करते. आर्काइव्हची, म्हणजे लायब्ररीच्या फाइलची, रचना मात्र साधीच राहिली आहे: आरंभी आठ बाइटची ओळखखूण आणि प्रत्येक फाइलीपुढे नाव, तारीख, परवानग्या व आकार सांगणारे 60 बाइटचे शीर्षक.

मात्र ही सूची एकाच लायब्ररीपुरती असते. अनेक लायब्ररी दिल्या, तर जीएनयू लिंकर त्या अजूनही डावीकडून उजवीकडेच वाचतो, त्यामुळे दोन लायब्ररी परस्परांवर अवलंबून असतील तर एकीचे नाव पुन्हा लिहावे लागते किंवा दोघींचा गट करावा लागतो. एलएलव्हीएम या कंपाइलर प्रकल्पाचा ‘एलएलडी’ हा लिंकर आधी वाचलेल्या लायब्ररींतील सिम्बॉल लक्षात ठेवत असल्याने तिथे हे बंधन बहुतांशी उरलेले नाही.