‘सिनेमा पाहून गुन्हा’: माहिती अधिकारात अर्ज करताय? आधी हे वाचा

नागपुरात पत्रकारितेचे, समाजकार्याचे विद्यार्थी प्रबंधासाठी पोलिसांकडे अर्ज टाकतात: ‘पाच वर्षांत सिनेमा किंवा वेब सिरीज पाहून किती गुन्हे घडले?’ उत्तर ठरलेलं: ‘माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही.’ संताप होतो, पण अपिलातही हेच टिकतं. नोंदीत नसलेली माहिती जमवून तक्ता करून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. आणि ‘माध्यमांचा प्रभाव’ असा रकाना एफआयआरमध्ये नाहीच. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) अहवालातही खुनाची कारणं म्हणून मालमत्तेचा वाद, प्रेमसंबंध, वैर हेच सापडतं.

म्हणून आकडा मागू नका, नोंद मागा. बातम्यांवरून प्रकरणं निवडा, पोलीस ठाणं आणि अपराध क्रमांक शोधा. संवेदनशील नसलेले एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर असतात. अर्जात एवढंच विचारा: ‘अपराध क्रमांक अमुक/२०२१ मध्ये दोषारोपपत्र कधी दाखल झालं, न्यायालयातील खटला क्रमांक काय?’ तो क्रमांक हाती आला की ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर निकालपत्र वाचता येतं.

खरं मोजमाप तिथेच होतं. ‘सिनेमा पाहून केल्याची कबुली’ ही छापील ओळ पुरावा धरू नका. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मोबाइल जप्तीचा पंचनामा आहे का? त्यातला शोध-इतिहास गुन्ह्याच्या आधीच्या तारखेचा आहे का? असला, तरी सिनेमातून फक्त पद्धत उचलली की हेतूही तिथूनच आला, हे वेगवेगळं नोंदवा. वैर जुनं आणि युक्ती पडद्यावरची, अशी प्रकरणं एकाच खात्यात टाकली की आकडा फुगतो. आरोपी अल्पवयीन असेल तर ओळख उघड होईल असं काहीही लिहू नका. कायद्याने बंदी आहे आणि त्या पोराचं पुढचं आयुष्य त्यावर अवलंबून असतं.

बाकी सोपं आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत आणि स्वतःच्या नावाने. हा हक्क नागरिकाचा आहे, कॉलेजच्या लेटरहेडचा नाही. कारण देण्याची गरज नाही, कुणी मागितलं तरी.

मुदतीत मात्र बरेच जण फसतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकारच समजा, आणि पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत करा. ‘साहेब बघतो म्हणाले’ म्हणून थांबलात तर मुदत टळते. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, ९० दिवसांत. शहर आयुक्तालय आणि नागपूर ग्रामीण अधीक्षक ही वेगळी कार्यालयं आहेत. चुकलेला अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा नियम आहे, पण त्यावर विसंबू नका, दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज द्या.