रिकामी मात्रा

चार मात्रांचा (मात्रा म्हणजे ताल मोजायचं एकक) ठेका बांधायला मुलांना वाद्य लागत नाही. चुटकी, टाळी, मांडीवरची थाप आणि जमिनीवर आपटलेला पाय पुरतो. टाळीतही फरक करता येतो. तळवे सपाट ठेवले तर आवाज कडक येतो, पोकळ केले तर आतली हवा घुमून तो खाली उतरतो.

कागदावर मात्रेला एक अशी चार घरं आखून मुलाला ती भरायला सांगा. चार आवाज आणि पाचवी शांतता धरली तर ६२५ ठेके होतात, त्यातला एक पूर्ण मुका. इतकी मोकळीक असूनही बहुतेक मुलं आधी चारही घरं आवाजाने भरतात. मला वाटतं, रचना खरी सुरू होते ती मूल एक घर मुद्दाम रिकामं सोडतं तेव्हा. पाय, टाळी, टाळी, आणि मग काहीच नाही.

हे ‘काहीच नाही’ मेंदूला चांगलंच ऐकू येतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपलेल्या नवजात बाळांना तालाचं आवर्तन ऐकवलं. त्यातला समेचा, म्हणजे फेरीच्या सुरुवातीचा, ठोका गाळला की त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी बदलत. ठोका येणार, ही अपेक्षा तेव्हाच तयार असते.

तरीही वाजवताना मुलं रिकामी मात्रा गिळतात आणि पुढच्या आवर्तनात लवकर शिरतात. तिथे ‘थांब’ म्हणण्यापेक्षा हालचाल द्यावी: त्या मात्रेला तळवे आवाज न करता बाजूला उघडायचे. ताल नुसता ऐकतानाही मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात, म्हणून शांततेलाही शरीरात जागा मिळाली की ती टिकते.

मग तोच ठेका न थांबता फिरवत राहायचा. पहिल्या एकदोन आवर्तनांत सगळं लक्ष हातांकडे असतं. हात सरावले की कान मोकळे होतात, आणि शेवटची मात्रा पहिलीला कशी जुळते ते मुलाला स्वतःला ऐकू येतं. बदल तिथेच सुचतात. ते त्यालाच करू द्यावेत.

अडखळलं की मोठी माणसं वेग फार उतरवतात. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते, त्यामुळे अति संथ ठेका त्यांना उलट जड जातो. वेग मुलाच्या लयीजवळ ठेवून घरं चाराची तीन केलेली बरी.