शेण कालवायचं कोणी? गोबर गॅसची सव्वाशे वर्षं

आपल्याकडे गोबर गॅसची गोष्ट संडासापासून सुरू करावी लागते. ऐकायला जरा अवघड वाटेल, पण नोंदी तेच सांगतात. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी १८९० मध्ये एक आश्रयगृह सुरू झालं. पालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. तिथल्या मैल्याच्या बंद टाकीतून सुटणारा वायू धरून वापरायची सोय १८९७ च्या सुमारास केली गेली. शहरात तेव्हा प्लेगचा कहर होता आणि घाणीचं काय करायचं हा जिवामरणाचा प्रश्न होता. इंधनाचा विचार कोणाच्या मनात असलाच तर दुय्यम असावा.

शेण या गोष्टीत बरंच उशिरा आलं. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास शेण कुजवून गॅस काढण्याचे प्रयोग केले. पुढे जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात 'ग्रामलक्ष्मी' नावाचं संयंत्र तयार केलं. जमिनीत विहिरीसारखी विटांची टाकी आणि तिच्यावर उपडं घातलेलं लोखंडी पिंप अशी त्याची रचना होती. आत शेणकाला कुजतो, गॅस साठतो तसं पिंप वर उचललं जातं आणि शेगडी पेटवली की हळूहळू खाली बसतं. किती गॅस शिल्लक आहे हे घरातलं पोरसुद्धा लांबून बघून सांगू शकतं. इतका सोपा मीटर नंतरच्या घुमटाच्या नमुन्यांना जमला नाही.

यामागचा हिशेबही पटण्यासारखा होता. शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घातल्या, तर त्यातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. उरलेली धुरात आणि हवेत जाते, आणि खताची राख होते ती वेगळीच. तेच शेण टाकीत घातलं तर निघालेल्या गॅसमधली निम्म्याहून जास्त उष्णता शेगडीवर कामी येते, शिवाय टाकीतून बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला शेणकाला, शेताला मिळते. त्याच गाईकडून इंधनही घ्यायचं आणि खतही. ऊर्जेची बचत हा शब्द सरकारी कागदात येण्याच्या कितीतरी आधीची ही बचत.

इकडे कणकवलीत आणखी एक माणूस याच वायूकडे वेगळ्या वाटेने येत होता. सीताराम पुरुषोत्तम, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन. कोकणचे गांधी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू देण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली म्हणून उपोषण केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला. मैला वाहण्याचं काम एका जातीच्या डोक्यावर का, हा त्यांचा प्रश्न होता. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. तिथे संडासाचे प्रयोग झाले, मैल्याचं खत झालं आणि त्याला गॅसची जोड देण्याचे प्रयत्नही झाले. मैला कोणी उचलायचा, हा प्रश्न सुटला तरच गॅसला अर्थ, असा त्यांचा क्रम होता. हा क्रम पुढे सरकारी योजनांत उलटा झाला, असं मला वाटतं.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पटेलांचा नमुना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला उचलला. बोरिवलीचं कोरा केंद्र हे या कामाचं एक ठिकाण. योजनेचं नाव गोबर गॅस पडलं आणि मानवी मैल्याचा विषय मागे पडला. शेण पवित्र असल्यामुळे त्याच्या गॅसवर स्वयंपाक करायला कोणाची हरकत नव्हती. संडासाच्या गॅसवर भाकरी भाजायची म्हटलं की घरात वाद.

लोखंडी पिंपाचे दोष लवकरच दिसले. ते महाग, आणि दरवर्षी रंग लावला नाही तर गंजणारं. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत तर विचारायलाच नको. गोठ्यामागे तिरकं पडलेलं, भोकं पडलेलं पिंप हे एका पिढीच्या डोळ्यांपुढचं ओळखीचं दृश्य. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला, अनुदानं आली, आणि १९८४ मध्ये 'अफप्रो' या संस्थेने 'दीनबंधू' हा नमुना दिला. त्यात लोखंड नाही. सगळं बांधकाम जमिनीखाली, वर विटांचा घुमट. खर्च उतरला, पण सगळी भिस्त गवंड्याच्या हातावर आली. घुमटाला केसाएवढी चीर गेली की गॅस निसटतो, आणि आत शेण भरलेलं असल्यामुळे ती चीर सापडतही नाही. उद्दिष्ट पुरं करायच्या घाईत बांधलेल्या किती टाक्या अशा मुक्या झाल्या असतील!

पण टाकी धड असली तरी रोजचं काम कोणी करायचं? एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो शेण लागतं. पाच-सहा माणसांच्या घराला दोन घनमीटरचं संयंत्र धरलं, तर रोज ५० किलो शेण, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं. तितकंच पाणी. ते शेण गोळा करून, कालवून, त्यातल्या गवताच्या काड्या नि खडे काढून टाकीत सोडायचं. हे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला आलं. सरपणाची पायपीट वाचली, चुलीचा धूर गेला, हे खरंच. पण सकाळी आणखी एक काम वाढलं. आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात रोज ५० लिटर पाणी टाकीत ओतायला कोण तयार होईल?

ज्याच्याकडे जनावरंच नाहीत त्याचा तर विचारच नव्हता. उलट त्याचं नुकसान झालं. रानात, रस्त्यात पडलेलं शेण उचलून गोवऱ्या थापणं हे भूमिहीन बाईचं फुकटचं इंधन. टाकी बांधल्यावर मालकाच्या लेखी शेणाला किंमत आली, आणि ते पाटीभर शेण कोणी तसंच सोडेना. म्हणून साऱ्या गावाचं एकच संयंत्र बांधायची कल्पना पुढे आली. उत्तर प्रदेशात तेव्हाच्या इटावा जिल्ह्यातल्या फतेहसिंग का पुरवा या गावात १९७०च्या दशकाच्या अखेरीस तसा प्रयोग झाला. त्याहून शिकण्यासारखा प्रयोग कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावचा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. स्वयंपाकाला पुरेल इतकं शेण गावात नाही, हे आधी कळलं. मग त्यांनी गॅसवर इंजिन चालवून घरोघर दिवे आणि नळाचं पाणी द्यायला १९८७ पासून सुरुवात केली. शेण वजन करून घ्यायचे आणि स्लरी त्याच हिशेबात परत द्यायचे. लोकांना चूल बदलण्यापेक्षा दारातला नळ जास्त हवा होता. हे कळायला आधी गावात राहावं लागलं.

अप्पासाहेबांचा धागा पुन्हा उचलला तो देहूत. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून तुकोबांच्या गावी आले आणि आयुष्यभर संडासाचा विषय घेऊन बसले. अप्पासाहेबांच्या प्रयोगांवरून त्यांनी संडासाला जोडलेलं 'मलप्रभा' संयंत्र बेतलं. नाव ऐका, मळ आणि प्रभा! टाकीत मैला जातो, त्याला कोणाचा हात लागत नाही, आणि कालवायचंही काही नाही. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण मरणोत्तर.

शहरांसाठीचं उत्तर पुण्यातून आलं. आरती या संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ च्या सुमारास दाखवून दिलं, की गॅस तयार करणाऱ्या जंतूंना शेणच लागतं असं नाही. शिळी भाकरी, पीठ, सडकी फळं असलं पिष्टमय खाद्य दिलं तर दोन किलोत, आणि एखाद्या दिवसात, तेवढा गॅस मिळतो, ज्यासाठी ४० किलो शेण आणि ४० दिवस लागतात. गच्चीत प्लास्टिकच्या दोन टाक्या एकात एक घातल्या की झालं. २००६ मध्ये या संयंत्राला शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. गाईनेही शेवटी चारा खाऊनच शेण दिलेलं असतं. मधली गाय वगळली, एवढंच.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर वाडी-वस्तीवर पोहोचला, आणि चालू टाक्याही बंद पडू लागल्या. बटण फिरवलं की जाळ येत असेल तर शेणात हात कोण घालेल? त्यात गोठेही रिकामे होत होते. नांगराला ट्रॅक्टर आला. राज्यातली गाय-बैलांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली.

तरीही ज्या भागात दूधधंदा टिकला तिथे टाक्या पुन्हा दिसतात. कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघाने सभासद महिलांसाठी बायोगॅसची योजना घेतली. सिंधुदुर्गात, गोपुरी ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, कुडाळजवळच्या झारापला डॉ. प्रसाद देवधर यांचं भगीरथ प्रतिष्ठान वर्षानुवर्षं घरोघर संयंत्रं बांधत आहे. गवंडी गावातला असला की चीर पडल्यावर त्याला पुन्हा हाक मारता येते. आणि बोलणं आता गॅसपेक्षा स्लरीचंच जास्त चालतं. गवताला किती सोडायची, माडाच्या आळ्यात कधी घालायची, वाळवून विकली तर पाटीला किती येतील.