राखेतलं बियाणं का टिकतं?

शेणाच्या राखेत ‘सकारात्मक ऊर्जा’ असते, म्हणून तिच्यात ठेवलेल्या बियाण्याला कीड लागत नाही, असा मेसेज सध्या फिरतोय. कीड लागत नाही हे खरं. पण खरं कारण मला त्या ऊर्जेहून कितीतरी सुंदर वाटतं. राखेत भुंगेरा, म्हणजे कडधान्य पोखरणारा बारीक किडा, कोरडा पडून मरतो.

किडक्या मुगाचा दाणा भिंगाखाली धरा. सालीवर पांढरट ठिपका घट्ट चिकटलेला दिसेल. ते भुंगेऱ्याचं अंडं. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, आतला गर खाते आणि साधारण महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. बाहेर आल्यावर तो साठवणीत काही खात-पीत नाही. आयुष्यभराचं पाणी अंगात घेऊनच तो निघालेला असतो.

गोम इथेच आहे. प्राणी जितका लहान, तितकं त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ जास्त, म्हणजे पाणी उडून जायला जागा जास्त. म्हणून कीटकाच्या कवचावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. राखेचे बारीक, खरबरीत कण हा थर खरवडतात, आणि पाणी झिरपून जायला लागतं. शिवाय दाण्यांमधल्या फटी राखेने बुजल्या की नर-मादीला हिंडता येत नाही, अंडी घालायला मोकळी साल सापडत नाही. म्हणूनच चिमूटभर राख भुरभुरून भागत नाही. कॅमेरूनमध्ये चवळीवर झालेल्या प्रयोगांत चार भाग चवळीला निदान तीन भाग राख लागली. राख कोरडी हवी, आणि लाकडाची असली तरी चालते. दाण्यात आधीच शिरलेल्या अळीला मात्र ती फारसं काही करत नाही, म्हणून बी आधी निवडून, कडक वाळवून घ्यावं लागतं.

हे ज्ञान बायकांनी राखलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी वाल-घेवड्याचे, भाताचे, भाज्यांचे गावरान वाण जमवून घरात बियाणं बँक उभारली. ग्रामविकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेची साथ मिळाली आणि 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. शीतगृहात गोठवलेलं बी आहे तसंच राहतं. राहीबाईंच्या बँकेतलं बी दरसाल डोंगरातला पाऊस, रोग आणि बाईच्या निवडीतून जातं, आणि हळूहळू बदलत राहतं. या दोन्ही साठवणी आपल्याला हव्यात. संकरित बियाणं म्हणजे विष, हा प्रचारही मला पटत नाही. संकरित पिकाचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही, म्हणून दर हंगामाला दुकान गाठावं लागतं, ही त्यातली खरी अडचण.

2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिला आहे. कोंभाळण्यात तो रोज वापरला जातो. तिथून बी नेणाऱ्याने सुगीनंतर दुप्पट आणून द्यायचं असतं.